बालकांचा वैद्यकीय पोषण आहार : सूक्ष्मजैविक सुरक्षितता

अपुऱ्या दिवसांची, चयापचयाचे जन्मजात विकार असलेली किंवा नळीवाटे दूध घेणारी बाळे यांच्यासाठीच्या खास पावडरी, तसेच आईच्या दुधात मिसळायचे फोर्टिफायर, यांतून जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पाळायची तत्त्वे व नियम. सीलबंद डब्यातला माल निर्जंतुकच असतो, असा समज सर्वत्र आढळतो. तयार द्रव आहाराच्या बाटलीबाबत तो खरा आहे, पावडरीबाबत नाही. सुकवण्यापूर्वी दूध तापवलेले असले, तरी नंतर मिसळलेले कोरडे घटक आणि कारखान्यातील यंत्रे यांमार्फत जंतू पुन्हा शिरू शकतात.

मुख्य धोका क्रोनोबॅक्टर व साल्मोनेला या जिवाणूंचा. कोरड्या पावडरीत क्रोनोबॅक्टर वाढत नाही, पण महिनोन्‌महिने तग धरतो. कोमट पाण्यात कालवलेले दूध तसेच ठेवले की झपाट्याने वाढतो. नवजात बाळाला त्यामुळे रक्तातील जंतुसंसर्ग किंवा मेंदूज्वर होतो. आजार विरळा, पण अनेकदा प्राणघातक. २००१ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातील नवजात अतिदक्षता विभागात असे एक बाळ दगावले आणि तोच जंतू पावडरीच्या डब्यातही सापडला.

आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्सच्या २००८ च्या संहितेनुसार एका लॉटमधील १० ग्रॅमचे ३० नमुने तपासावेत व एकातही क्रोनोबॅक्टर आढळू नये. साल्मोनेलासाठी २५ ग्रॅमचे ६० नमुने. तरीही टनावारी मालातून तपासली जाते ती क्रोनोबॅक्टरसाठी ३०० ग्रॅम पावडर, आणि जंतू तर कुठेतरी एखाद्या गुठळीत असतात. त्यामुळे खरी भिस्त दूध कालवणाऱ्या हातांवर राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या सूचनांनुसार पाणी किमान ७० अंश सेल्सिअस असावे, दूध लगेच निववून पाजावे आणि दोन तासांत न संपलेले ओतून द्यावे. मात्र प्रोबायोटिकयुक्त पावडरींना एवढी उष्णता सोसत नाही. अशा वेळी, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी, मिळत असल्यास निर्जंतुक द्रव आहारच श्रेयस्कर.

फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्टर्जिस येथील ॲबट कंपनीच्या पावडर-कारखान्यात क्रोनोबॅक्टर आढळल्यावर उत्पादन थांबले. आजारी बाळांमधील जंतूंशी त्याचे जनुकीय नाते सिद्ध झाले नाही. पण चयापचय विकारांच्या कित्येक पावडरी तिथेच बनत. अखेर अडवून ठेवलेल्या मालातील काही डबे, निकडीच्या रुग्णांसाठी एकेक प्रकरण पाहून, सोडण्यास अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने हरकत घेतली नाही. त्या मुलांना जंतूंपेक्षा आहार तुटण्याचा धोका मोठा होता.