कारण आणि निमित्त : राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगाचा (१८६७-६८) ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

लोकशाही शासनव्यवस्थेत सर्वोच्च पदावरील व्यक्तीला मुदतीपूर्वी पदच्युत करण्याचा अधिकार कोणाला असावा आणि तो केव्हा वापरावा, हा राज्यशास्त्राइतकाच इतिहासाचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेने हा अधिकार महाभियोगाच्या रूपाने विधिमंडळाकडे सोपविला. प्रतिनिधीगृहाने साध्या बहुमताने दोषारोप ठेवावेत आणि सिनेटने न्यायासनाप्रमाणे बसून उपस्थित सदस्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताने निर्णय द्यावा, अशी ही पद्धत आहे. या तरतुदीखाली पदावर असताना खटल्याला सामोरे जाणारे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणजे अँड्र्यू जॉन्सन होत. इ. स. १८६८ मध्ये ते अवघ्या एका मताने वाचले. या निकालाची चर्चा बहुधा त्या एका मताभोवतीच फिरते. परंतु त्यापूर्वी पाच महिने, डिसेंबर १८६७ मध्ये, प्रतिनिधीगृहाने महाभियोगाचा पहिला ठराव फेटाळला होता, याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. प्रस्तुत लेखात या दोन प्रयत्नांचा एकत्रित विचार करून महाभियोगाचे कारण आणि त्याची वेळ यांचा परस्परसंबंध तपासला आहे. तुलनेसाठी १९७४ मधील रिचर्ड निक्सन यांच्या प्रकरणाचा, तसेच भारतीय संविधानातील अनुच्छेद ६१ चा संक्षेपाने आधार घेतला आहे.

घटनेतील तरतूद व तिची संदिग्धता :

देशद्रोह, लाचलुचपत अथवा अन्य गंभीर अपराध व दुर्वर्तन, ही पदच्युतीची कारणे अमेरिकेच्या राज्यघटनेत नमूद आहेत. यांपैकी शेवटच्या शब्दप्रयोगाचा उगम उद्बोधक आहे. ८ सप्टेंबर १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेत जॉर्ज मेसन यांनी केवळ देशद्रोह व लाचलुचपत ही दोन कारणे अपुरी असल्याचा आक्षेप घेतला. त्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण भारताशी निगडित होते. वॉरन हेस्टिंग्ज याच्या भारतातील कारभाराबद्दल त्या वेळी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये महाभियोगाची कारवाई सुरू होती आणि त्याच्यावरील आरोप देशद्रोहाच्या व्याख्येत बसणारे नव्हते. मेसन यांनी 'गैरकारभार' हा शब्द सुचविला. हा शब्द इतका सैल आहे की त्यामुळे राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर अवलंबून राहील, अशी हरकत जेम्स मॅडिसन यांनी घेतली. तेव्हा तडजोड म्हणून वरील शब्दप्रयोग स्वीकारण्यात आला. राष्ट्राध्यक्षाने फौजदारी स्वरूपाचा गुन्हा केलेला असणे आवश्यक आहे, की सत्तेचा घोर दुरुपयोग पुरेसा आहे, हा प्रश्न मात्र त्यामुळे पूर्णपणे सुटला नाही. ऐंशी वर्षांनी जॉन्सन यांच्या निमित्ताने तोच पुढे आला.

जॉन्सन यांचे धोरण :

अँड्र्यू जॉन्सन हे टेनेसी राज्याचे. व्यवसायाने शिंपी असलेले जॉन्सन स्वकष्टाने राजकारणात वर आले. फुटून निघालेल्या राज्यांच्या सिनेटरांपैकी संघराज्याशी एकनिष्ठ राहून आपली जागा न सोडणारे ते एकमेव होते. त्यामुळेच १८६४ च्या निवडणुकीत अब्राहम लिंकन यांच्यासोबत त्यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. लिंकन यांच्या हत्येनंतर १५ एप्रिल १८६५ रोजी ते राष्ट्राध्यक्ष झाले.

यादवी युद्ध संपले तेव्हा सुमारे ४० लाख गुलामांच्या मुक्तीचा प्रश्न उभा होता. २९ मे १८६५ च्या जाहीरनाम्याद्वारे जॉन्सन यांनी दक्षिणेतील बंडखोरांना उदारहस्ते माफी दिली आणि राज्य सरकारे पुन्हा उभी करण्याचे काम तेथील गोऱ्या मतदारांवर सोपविले. त्याचे परिणाम लवकरच दिसून आले. मिसिसिपी, दक्षिण कॅरोलिना आदी राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे निर्बंधकारक कायदे केले. रोजगाराचा लेखी पुरावा न बाळगणाऱ्यास भटका ठरवून दंड करावा आणि दंड न भरल्यास त्याला मजुरीसाठी दुसऱ्याच्या हवाली करावे, अशा तरतुदी त्यांत होत्या. गुलामगिरी कायद्याने संपली असली तरी मागील दाराने तिचा पुनःप्रवेश होत होता. मे १८६६ मधील मेम्फिस येथील दंगलीत ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. त्यापाठोपाठ जुलैमध्ये न्यू ऑर्लिन्स येथेही रक्तपात झाला.

काँग्रेसने १८६६ मध्ये नागरी हक्क विधेयक मंजूर केले असता जॉन्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो दोन-तृतीयांश मतांनी निष्प्रभ केला. २ मार्च १८६७ च्या पुनर्रचना कायद्याच्या बाबतीतही तसेच घडले. या कायद्याने दक्षिणेतील दहा राज्यांची पाच लष्करी विभागांत वाटणी केली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मतदार म्हणून नोंदविण्याचा मार्ग मोकळा केला. परंतु कायदा करणे काँग्रेसच्या हाती असले, तरी त्याची अंमलबजावणी राष्ट्राध्यक्षांच्या हाती होती. सरसेनापती या नात्याने जॉन्सन यांनी ऑगस्ट १८६७ मध्ये कायदा कसोशीने राबविणारे फिलिप शेरिडन व डॅनियल सिकल्स या विभागीय सेनाधिकाऱ्यांना दूर केले. लष्करी अधिकाऱ्याची बदली करणे हा राष्ट्राध्यक्षांचा अधिकारच होता. अडचण नेमकी येथेच होती. घटनेने दिलेल्या अधिकारांचा वापर करूनच काँग्रेसचा कायदा पोकळ केला जात होता.

पहिला प्रयत्न : डिसेंबर १८६७

ओहायोचे प्रतिनिधी जेम्स अ‍ॅशली यांनी ७ जानेवारी १८६७ रोजी जॉन्सन यांच्या वर्तनाच्या चौकशीचा ठराव मांडला. न्याय समितीने अनेक महिने साक्षी घेतल्या. समितीचा कल प्रथम महाभियोगाच्या विरोधात होता. नोव्हेंबरमध्ये एका सदस्याचे मत बदलल्याने पाच विरुद्ध चार अशा मतांनी महाभियोगाची शिफारस करण्यात आली.

सभागृहातील चर्चेत दोन भूमिका समोरासमोर आल्या. मॅसॅच्युसेट्सचे जॉर्ज बाऊटवेल यांच्या मते महाभियोगासाठी दंडसंहितेतील गुन्हा आवश्यक नव्हता. कायदेशीर अधिकारांचा उपयोग कायद्याचाच हेतू उधळण्यासाठी करणे हाच मोठा अपराध होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. उलट आयोवाचे जेम्स विल्सन यांनी अल्पमताच्या वतीने असे मांडले की, विशिष्ट गुन्हा दाखविता येत नसेल तर केवळ धोरण अप्रिय आहे म्हणून राष्ट्राध्यक्षाला खेचता येणार नाही. विल्सन यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. नकाराधिकार, माफी व बदल्या हे सर्व राष्ट्राध्यक्षांचे घटनादत्त अधिकार होते आणि पुढील निवडणूक एका वर्षावर आली होती. शिवाय १८६७ च्या शरद ऋतूतील राज्यांच्या निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाला फटका बसला होता. ओहायोच्या मतदारांनी तर कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराचा प्रस्तावच नाकारला होता. अशा वातावरणात मवाळ गटाने पाय मागे घेतला. ७ डिसेंबर १८६७ रोजी ५७ विरुद्ध १०८ मतांनी ठराव फेटाळण्यात आला.

या निर्णयाचा जॉन्सन यांनी घेतलेला अर्थ त्यांच्या पुढील कृतीतून दिसतो. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी जॉर्जिया, अलाबामा व फ्लोरिडा या विभागाचे प्रमुख जॉन पोप यांना दूर केले. गुन्ह्याची वाट पाहण्याची किंमत वॉशिंग्टनमधील सदस्यांना द्यावी लागली नाही. ती दक्षिणेत नुकतीच मतदार म्हणून नाव नोंदविलेल्या कृष्णवर्णीय शेतमजुराला द्यावी लागली, कारण त्याचे संरक्षण लष्करी अधिकाऱ्याच्या इच्छाशक्तीवर अवलंबून होते.

दुसरा प्रयत्न : फेब्रुवारी १८६८

पुनर्रचना कायद्याच्याच दिवशी काँग्रेसने पदावधी कायदा संमत केला होता. सिनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला सिनेटच्या संमतीवाचून काढता येऊ नये, हा त्याचा आशय होता. काँग्रेसच्या बाजूचे युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना जॉन्सन यांनी ऑगस्ट १८६७ मध्ये निलंबित केले होते. १३ जानेवारी १८६८ रोजी सिनेटने त्यास नकार दिला. तरीही २१ फेब्रुवारी रोजी जॉन्सन यांनी स्टँटन यांना बडतर्फ करून लॉरेंझो थॉमस यांना त्यांच्या जागी नेमले. स्टँटन कार्यालय सोडण्यास तयार होईनात. ते तेथेच ठाण मांडून बसले.

विल्सन ज्या गुन्ह्याची मागणी करीत होते तो आता आयताच हाती आला होता. केवळ तीन दिवसांत, २४ फेब्रुवारी रोजी, प्रतिनिधीगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. दोषारोप ठरविण्याचे काम मात्र त्यानंतर पूर्ण झाले. एकूण अकरा कलमांपैकी पहिली आठ स्टँटन-थॉमस प्रकरणाशी संबंधित होती. दहावे कलम जॉन्सन यांच्या भाषणांविषयी होते. पुनर्रचना कायद्यात अडथळा आणल्याचा उल्लेख अकराव्या, संमिश्र कलमात तेवढा आला. मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स, शेरिडन यांची बदली हे सारे दोषारोपांच्या मध्यभागी कोठेच नव्हते.

सिनेटमधील खटला व निकाल :

सरन्यायाधीश सॅल्मन चेस यांच्या अध्यक्षतेखाली मार्च १८६८ मध्ये खटला सुरू झाला. बचाव पक्षाने हे आरोपपत्रच आपले शस्त्र बनविले. मंत्र्याला संरक्षण त्याची नेमणूक करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीपुरते व त्यापुढे एक महिना होते. स्टँटन यांची नेमणूक लिंकन यांनी केली होती, म्हणून हा कायदा त्यांना लागूच होत नाही, असा युक्तिवाद करण्यात आला. कायदाच घटनाबाह्य असून तो न्यायालयात तपासला जावा, असाही मुद्दा मांडला गेला. अशा रीतीने मुक्त गुलामांच्या भवितव्याचा प्रश्न एका मंत्र्याच्या सेवाशर्तीच्या वादात विरून गेला.

निकालावर अन्य बाबींचाही प्रभाव पडला. उपाध्यक्षपद रिक्त असल्याने जॉन्सन यांच्या जागी सिनेटचे हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड आले असते आणि त्यांचे जहाल विचार अनेक मवाळांना मानवणारे नव्हते. खटल्याच्या काळात जॉन्सन यांनी संयम पाळला आणि सर्वांना मान्य होतील अशा जॉन स्कोफिल्ड यांचे नाव युद्धमंत्रिपदासाठी पुढे केले. १६ मे रोजी सर्वांत प्रबळ समजल्या गेलेल्या अकराव्या कलमावर ३५ विरुद्ध १९ अशी मते पडली. दोषसिद्धीसाठी ३६ मते आवश्यक होती. सात रिपब्लिकन सिनेटरांनी निर्दोषत्वाच्या बाजूने मत दिले होते. २६ मे रोजी दुसऱ्या व तिसऱ्या कलमांवरही तोच आकडा आला आणि खटला आटोपला.

अपुऱ्या कारणाने एका राष्ट्राध्यक्षाला घालविले तर पुढील कोणताही राष्ट्राध्यक्ष सुरक्षित राहणार नाही, हा लायमन ट्रंबुल यांच्या मताचा आशय होता. हे कारण अपुरे होते यात फारशी शंका नाही. १८८७ मध्ये पदावधी कायदा रद्द झाला आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मायर्स खटल्यात तो घटनेशी विसंगत असल्याचे सांगितले. मात्र दोषारोपातील कारण अपुरे होते म्हणजे मूळ कारणही अपुरे होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. दीर्घकाळ इतिहासकारांनी या दोन गोष्टींची गल्लत केली. जॉन एफ. केनेडी यांनीही १९५६ मधील आपल्या ग्रंथात सिनेटर एडमंड रॉस यांचा गौरव केला. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९३५ मध्ये पुनर्रचनेचा इतिहास कृष्णवर्णीयांच्या बाजूने मांडल्यानंतरही जॉन्सन यांच्याविषयीचे मूल्यमापन पालटण्यास पुढील पिढीची वाट पाहावी लागली.

निक्सन प्रकरणाशी तुलना :

१९७४ मध्ये क्रम उलटा होता. प्रतिनिधीगृहाने ६ फेब्रुवारी १९७४ रोजी ४१० विरुद्ध ४ मतांनी प्रथम चौकशीला अधिकार दिले. महाभियोगासाठी फौजदारी गुन्हा आवश्यक नाही, असा अभिप्राय न्याय समितीच्या अभ्यासगटाने दिला. थोडक्यात, बाऊटवेल यांची भूमिका शतकानंतर ग्राह्य धरली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिफिती सुपूर्द करण्याचा आदेश २४ जुलै रोजी एकमताने दिला. समितीने २७ ते ३० जुलै या काळात तीन दोषारोप मंजूर केले. त्यांपैकी पहिल्या दोहोंस विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाबरोबरच निक्सन यांच्या स्वतःच्या पक्षातील काही सदस्यांनीही पाठिंबा दिला. सत्तेच्या दुरुपयोगाचा आरोप २८ विरुद्ध १० मतांनी संमत झाला. ९ ऑगस्ट रोजी निक्सन यांनी राजीनामा दिला. तथापि, कंबोडियावरील गुप्त बॉम्बवर्षावाचा दोषारोप समितीने १२ विरुद्ध २६ मतांनी फेटाळला होता. म्हणजे तुलनेने यशस्वी ठरलेल्या या प्रकरणातही, ज्या कृतीने सर्वाधिक जीवितहानी झाली ती आरोपपत्राबाहेरच राहिली. पुढे बिल क्लिंटन (१९९८-९९) आणि डोनाल्ड ट्रम्प (२०१९-२० व २०२१) यांच्यावरील महाभियोगांत सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, डिसेंबर १८६७ मध्ये काँग्रेसजवळ कारण होते, पण निमित्त नव्हते. फेब्रुवारी १८६८ मध्ये निमित्त मिळाले, पण त्याच्या आड कारण झाकले गेले. दुसरी, महाभियोगाची योग्य वेळ गुन्हा हाती लागण्यावर ठरत नाही. सत्तेच्या दुरुपयोगाचा पुरावा सार्वजनिकरीत्या मांडला गेला आहे आणि तो एका पक्षापलीकडे पटू लागला आहे, अशी वेळ त्यासाठी हवी. त्यासाठी चौकशी आधी व दोषारोप नंतर, हा क्रम महत्त्वाचा ठरतो. तिसरी, थांबणे हादेखील एक निर्णयच असतो आणि त्याचे परिणाम बहुधा सभागृहात आवाज नसलेल्यांना भोगावे लागतात. चौथी, खटला फसला तरी तो सर्वस्वी निष्फळ नसतो. महाभियोगाच्या छायेत जॉन्सन यांचा हस्तक्षेप मंदावला आणि दक्षिणेतील अनेक राज्यांत नव्या मतदारांच्या सहभागाने राज्यघटना तयार झाल्या.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ६१ मध्ये राष्ट्रपतींवरील महाभियोगाचे कारण 'संविधानाचा भंग' एवढेच ठेवले आहे. त्यासाठी आरोप करणाऱ्या सभागृहाच्या किमान एक-चतुर्थांश सदस्यांच्या सहीची चौदा दिवसांची नोटीस लागते आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक असते. आजवर कोणत्याही राष्ट्रपतींवर महाभियोग चालविण्यात आलेला नाही. भारतीय राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने कार्य करीत असल्याने दोन्ही पदांची सरसकट तुलना करता येणार नाही. तरीही फौजदारी गुन्ह्याऐवजी संविधानाशी असलेली बांधिलकी हीच कसोटी मानण्याचा जो आग्रह बाऊटवेल यांनी १८६७ मध्ये धरला होता, तोच या अनुच्छेदाच्या शब्दरचनेत दिसतो. त्या कसोटीवर जॉन्सन यांचा खटला चालला असता तर निकाल कदाचित तोच लागला असता, परंतु सिनेटला मत एका मंत्र्याच्या खुर्चीवर न देता सुमारे ४० लाख नव्या नागरिकांच्या हक्कांवर द्यावे लागले असते.