तळटीप : राजारामपुरीचे राजाराम महाराज
येथे अभिप्रेत आहेत ते कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंचे थोरले चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज (१८९७–१९४०). कोल्हापुरातल्या राजारामपुरी या वस्तीला नाव त्यांचेच. राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते राजाराम महाराज आधीचे. ते इंग्लंडहून परतताना १८७० साली फ्लॉरेन्सला वारले. दोघांची गल्लत फार होते. शाहूंनी राजारामांना धाकटे बंधू शिवाजी यांच्यासह शिक्षणासाठी इंग्लंडला धाडले. पण इंग्रजी वळणाच्या शिक्षणावर न थांबता पुढे अलाहाबादला शेतकी शिकायला ठेवले. कुणब्यांच्या मुलखावर राज्य करायचे त्याला माती कळलीच पाहिजे, ही दृष्टी मला त्या काळच्या संस्थानिकांत दुर्मीळ वाटते. १९१८ साली शिवाजी शिकारीतल्या अपघातात गेले. १९२२ मध्ये शाहूंच्या निधनानंतर, वयाच्या २४व्या वर्षी, राजाराम गादीवर आले.