सिसिलीची जमीन आणि माफिया

श्रोतेहो, माफिया म्हटले की शहरे, मोटारी आणि पिस्तुले डोळ्यांपुढे येतात. पण या टोळीचे मूळ शेतात आहे, बरे का!

इटलीच्या दक्षिणेला सिसिली नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील बडे जमीनदार पालेर्मो शहरात राहत आणि जमिनी मक्त्याने देत. मक्तेदार त्या तुकड्यातुकड्यांनी कुळांकडे लावी. वसुलीला आणि राखणीला तो हत्यारबंद माणसे ठेवी. सरकार दूर, कोर्ट त्याहून दूर! गुरे चोरीला जाऊ नयेत म्हणून या माणसांना पैसे द्यायचे. नाही दिले तर गुरे नेणारेही बहुधा तेच. कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कुणाकडे मागायची? लोक गप्प बसू लागले.

1944 साली सरकारने पडीक जमीन शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना देण्याचा हुकूम काढला. मक्तेदारांच्या पोटावरच पाय आला. कोर्लिओने गावी प्लाचिदो रिझोत्तो हा शेतकऱ्याचा मुलगा कुळांची संघटना बांधीत होता. 10 मार्च 1948 रोजी माफियाने त्याला पळवून ठार केले. त्याच्या जागी पिओ ला तोर्रे हा वीस वर्षांचा तरुण आला. तोही गरीब शेतकऱ्याचाच मुलगा.

पुढे ला तोर्रे खासदार झाले. त्यांनी एक नेमकी गोष्ट ओळखली होती. म्होरक्या तुरुंगात गेला तरी आतून टोळी चालवतो. पण जमीनजुमला गेला की त्याचा गावातला दरारा उतरतो. म्हणून त्यांनी कायद्याचा मसुदा मांडला : माफियात असणे हाच गुन्हा, आणि त्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त. 30 एप्रिल 1982 रोजी त्यांचा खून झाला. 3 सप्टेंबरला पालेर्मोचे प्रीफेक्ट जनरल दाल्ला किएझा मारले गेले. मग कुठे दहा दिवसांनी कायदा संमत झाला!

त्याच कायद्याच्या बळावर 1986 साली पालेर्मोत मोठा खटला उभा राहिला आणि 1987 मध्ये तीनशेहून अधिक आरोपींना शिक्षा झाल्या. तपास करणारे न्यायाधीश फाल्कोने व बोर्सेलिनो यांना 1992 साली माफियाने बाँबने उडवले. पण लोकांनी आता मौन सोडले होते. सुमारे दहा लाख सह्या गोळा झाल्या, आणि 1996 च्या कायद्याने जप्त मालमत्ता लोकोपयोगी कामाला देण्याची सोय झाली. 2001 साली कोर्लिओनेच्या परिसरात अशा जमिनी कसणारी सहकारी संस्था निघाली. तिचे नाव प्लाचिदो रिझोत्तो.

माफिया संपला, असे मात्र कुणी समजू नये. पण ज्या जमिनीपायी रिझोत्तो गेला, तशाच जमिनीवर आज त्याच्या नावाने गहू पिकतो. 2009 साली डोंगरातील एका खोल कपारीत त्याच्या अस्थी सापडल्या. 2012 साली, मृत्यूनंतर चौसष्ट वर्षांनी, शासकीय इतमामाने त्याचा अंत्यविधी झाला. राष्ट्राध्यक्ष त्यासाठी कोर्लिओनेला आले होते. सरकार त्या गावी पोचायला एवढा काळ लागला, हे शिक्षकबंधूंनी मुलांना जरूर सांगावे.