फियाटच्या डॅशबोर्डाखालचा टेप

मोटारीत गाणे आणले ते मोटारी बनवणाऱ्यांनी नव्हे, रेडिओवाल्यांनी. शिकागोच्या गॅल्व्हिन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने 1930 साली सामान्य गाडीवाल्याच्या आवाक्यातला रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. 1947 मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. रेडिओ दुकानातून घ्यायचा आणि गाडीत वेगळा बसवून घ्यायचा, अशी रीत होती. हे बसवणे म्हणजे गाडीची अर्धी उलथापालथ असे. व्हॉल्व्हना शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी बहुधा सहा व्होल्टची, म्हणून पायाखालच्या फळीत कोरड्या बॅटऱ्यांचा वेगळा संच ठेवावा लागे. स्पार्क प्लगच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत येई, ती दाबायला प्लगच्या तारांत रेझिस्टर घालत. एरियल छताच्या कापडाआड दडवलेले असे. 1930 च्या दशकाच्या मध्यावर छपरे पूर्ण पोलादी झाली तेव्हा ती सोय गेली आणि एरियल काही काळ गाडीच्या पायरीखाली गेले. जर्मनीत ब्लाउपुंक्टने 1932 मध्ये काढलेला एएस 5 हा संच सुमारे 15 किलोचा होता. तो चालकाजवळ मावत नसे, म्हणून त्याची बटणे स्टिअरिंगच्या दांड्यावर आणली होती. किंमत 465 राइशमार्क, म्हणजे लहान गाडीच्या किमतीच्या जवळजवळ तिसरा हिस्सा.

ट्रान्झिस्टरने हा पसारा आवरला. क्रायस्लरने 1955 मध्ये फिल्कोकडून बनवून घेतलेला पूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटाररेडिओ देऊ केला. त्यानंतर व्हॉल्व्ह, ते गरम होईपर्यंतची वाट आणि उच्च व्होल्टची खटपट हळूहळू संपली. फिलिप्सने 1963 मध्ये छोटी कॅसेट आणली आणि पाच वर्षांनी ती वाजवणारे मोटारीतले यंत्रही आले.

भारतात रस्त्यावर तेव्हा मुख्यतः दोनच गाड्या होत्या, अॅम्बॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, पुढची प्रीमियर पद्मिनी. रेडिओ बाळगायला टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागे, ही पद्धत 1980 च्या दशकात बंद झाली. गाडीतल्या रेडिओवर प्रामुख्याने मध्यम लहरी लागत. 1957 साली सुरू झालेल्या विविधभारतीवर जाहिराती आल्या त्या 1 नोव्हेंबर 1967 पासून, आणि पहिली केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर. पण मध्यम लहरींचा आवाज पुलाखाली आणि बोगद्यात हमखास बसतो. कॅसेटला ती अडचण नव्हती, शिवाय काय ऐकायचे हे गाडीवाला ठरवू शकत होता. म्हणूनच ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा पूर आला तेव्हा टॅक्सी, ट्रक आणि खासगी बसमध्ये रेडिओपेक्षा टेप भराभर बसले.

तो बसवण्याची जागा मात्र ठरलेली नव्हती. डॅशबोर्ड पत्र्याचा, त्यात हव्या त्या मापाची खाच मिळेलच याची खात्री नाही. पत्रा कापायला मालक सहसा तयार नसे, म्हणून टेप लोखंडी पट्ट्यांनी डॅशबोर्डाखाली टांगला जाई. डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या गुडघ्याला तो लागे, पण गाडीचा पत्रा शाबूत राही. जोडणी दिसायला सोपी होती. एक तार चावीच्या पुढून फ्यूज घालून, दुसरी गाडीच्या पत्र्याला ‘अर्थ’, की काम झाले. पण जुन्या मॉरिस घराण्यातल्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. ऋण अर्थवाला जपानी टेप तिथे न तपासता लावला तर त्याच्या पेटीला गाडीचा पत्रा शिवताच फ्यूज उडे, आणि फ्यूज नसेल तर तार जळे. दुसरी अडचण डायनॅमोची. इंजिन मंद असताना डायनॅमो फारशी वीज देत नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर दिवे, वायपर आणि टेप एकदम चालले की भार बॅटरीवर पडे. अल्टरनेटर आल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली.

खरे कसब स्पीकरमध्ये लागे. मागच्या काचेखालच्या फळीत सहा बाय नऊ इंची लंबगोल जोडी बसवणे ही त्या काळातली हौसेची परिसीमा. यात शास्त्रही होते. स्पीकरच्या पडद्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळल्या तर खर्जाचा आवाज मरतो. फळीत घट्ट बसवलेल्या स्पीकरची मागची बाजू डिकीत उघडते आणि डिकीच त्याचा डबा होते. दोन स्पीकरांपैकी एकाच्या तारा उलट्या लागल्या तरी खर्ज नाहीसा होतो. कारागीर हे तपासायला दीड व्होल्टचा सेल तारांना क्षणभर टेकवत. दोन्ही पडदे एकाच दिशेने हलले म्हणजे जोडणी बरोबर. मुंबईतला लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तापकीर गल्ली इथे यासाठीच्या तारा, कपलर आणि सुटे भाग मिळत. हे ज्ञान पुस्तकात कमी आणि उस्तादाच्या हाताखाली जास्त मिळे, त्यामुळे या धंद्याची लेखी नोंद फारशी नाही.

धंद्याला शिस्त आणली ती एका मापाने. पश्चिम जर्मनीच्या डीआयएन 75490 या मानकात टेपचे तोंड सुमारे 180 बाय 50 मिलिमीटरचे ठरले, आणि पुढे तेच आयएसओ 7736 म्हणून जगभर रूढ झाले. आता कोणत्याही कंपनीचा डेक कोणत्याही कंपनीच्या गाडीत बसू लागला. नव्वदच्या दशकातल्या झेन, सॅन्ट्रोसारख्या गाड्यांत हा कप्पा तयारच असे. डेक वेगळा घ्यायचा आणि मापाच्या चौकटीत सरकवायचा. तारांचे रंगही ठरत गेले. काळी अर्थची, लाल चावीवर चालू होणारी, पिवळी कायम वीज देणारी, कारण घड्याळ आणि स्टेशनांची नोंद राखायला डेकला सतत थोडी वीज लागते. जुन्या फियाटमध्ये अशी कायमची तार टेपसाठी नसे, ती बॅटरीपासून ओढावी लागे. आळशी कारागीर लाल आणि पिवळी एकत्र जोडून मोकळा होई, मग चावी काढली तरी डेक बंद होत नसे आणि विसरभोळ्या मालकाची बॅटरी सकाळी उतरलेली असे.

एकसारख्या मापाने चोरांचेही काम सोपे केले. म्हणून आधी मुठीला धरून अख्खा बाहेर काढता येणारे टेप आणि नंतर फक्त पुढचे पॅनल सुटणारे डेक निघाले. गाडी लावल्यावर ते पॅनल घेऊन फिरायचे.

नंतर सीडी, यूएसबी आणि ब्लूटूथही याच मापात बसले. दुप्पट उंचीच्या पडद्यांचीही चौकट ठरलेली होती. पुढे मात्र पडद्यावर गाडीचीच माहिती दिसू लागली आणि डेक गाडीच्या संगणकाला जोडला गेला. तो बदलायचा तर त्या मॉडेलसाठीची खास चौकट आणि तारांचा अॅडॉप्टर लागतो, म्हणून बाहेरून डेक बसवण्याचा धंदा आकसला. जुन्या गाड्यांच्या शौकिनांकडे तो टिकून आहे, पण उलट्या मागणीसह. पूर्वी कापलेला पत्रा त्यांना भरून हवा असतो. नवा अॅम्प्लिफायर सीटखाली लपवायचा, ब्लूटूथची डबी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायची, आणि डॅशबोर्डावर जुन्या रेडिओचीच बटणे दिसू द्यायची. धन अर्थच्या गाडीत अशा डबीला वीज देताना अर्थ वेगळा राखणारा कन्व्हर्टर मध्ये घालतात.