हेल्मेट खरं, चिठ्ठी खोटी

स्टुटगार्टचा दुकानदार कोनराड कुयाऊ याने विकलेल्या मालात पहिल्या महायुद्धातलं एक जर्मन हेल्मेट होतं. हेल्मेट अस्सल, पण किंमत जेमतेम चार-दोन मार्क. कुयाऊने त्याला एक चिठ्ठी जोडली. १९१७ च्या ऑक्टोबरअखेरीस बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर हे हेल्मेट हिटलरच्या डोक्यावर होतं, असा तिचा मजकूर, आणि खाली नाझी नेता रुडॉल्फ हेस याची सही. मजकूर कुयाऊचा, सहीही कुयाऊची. लोखंड तेच राहिलं, भाव मात्र कुठल्या कुठे गेला.

युद्धाच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ही युक्ती नकली पदक घडवण्यापेक्षा किती तरी सोपी होती.

या बाजाराचा पाया १९४५ मध्येच घातला गेला. जर्मनी पडली, तेव्हा जिंकलेल्या फौजांचे शिपाई खंजीर, पिस्तुलं, झेंडे, पदकं पाठपिशव्यांत कोंबून घरी घेऊन गेले. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अशा वस्तूंचे दर्दी संग्राहक तयार झाले. मागणी वाढत गेली. अस्सल माल वाढणं शक्यच नव्हतं. मग जर्मनीतल्या सोलिंगेनमध्ये उरलेली पाती आणि मुठी जोडून ‘युद्धकालीन’ खंजीर तयार होऊ लागले.

पदकांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून माजी सैनिकांना युद्धात मिळालेली पदकं पुन्हा छातीवर लावायची मुभा दिली. अट एवढीच, की पदकावर नाझी स्वस्तिक नको. आयर्न क्रॉसच्या मधोमध स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं आली. हे नवे नमुने पाडणाऱ्यांत युद्धकाळात पदकं बनवणारे, ल्यूडेनशाइडसारख्या गावांतले जुने कारखानेही होते. हत्यारं तिथेच, हात सरावलेले, आणि स्वस्तिकवाल्या पदकाला परदेशी गिऱ्हाईक जास्त पैसे मोजायला तयार. जुन्या साच्यांतून युद्धानंतर पाडलेली पदकं बाजारात आली, तेव्हा त्यांना नकली म्हणायचं की उशिरा जन्मलेली अस्सल, यावर संग्राहकांत वाद पेटले. साचा वापरून वापरून चिरतो आणि ती चीर पदकाच्या कडेवर उमटते. नाइट्स क्रॉस या पदकाचे अभ्यासक आजही भिंग लावून ती चीर शोधतात आणि त्यावरून पदक युद्धातलं की नंतरचं ते ठरवतात.

कुयाऊ या भानगडीत फारसा पडला नाही. त्याची हातोटी कागदाची.

त्याचा जन्म १९३८ चा, सॅक्सनीतल्या लोबाऊ गावचा. १९५७ मध्ये तो पूर्व जर्मनीतून पळून पश्चिमेत आला आणि स्टुटगार्टमध्ये किरकोळ चोऱ्यामाऱ्या, लबाड्या करत राहिला. १९७० च्या सुमारास नातेवाइकांना भेटायला तो पूर्वेकडे गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिथल्या घराघरांत नाझी काळातल्या वस्तू दडवून ठेवलेल्या आहेत आणि लोक त्या स्वस्तात द्यायला तयार आहेत. त्याने तिथल्या वर्तमानपत्रांत जुनी हेल्मेटं, बाहुल्या, खेळणी विकत घेण्याच्या जाहिराती दिल्या. १९७४ मध्ये स्टुटगार्टमध्ये त्याचं दुकानच उभं राहिलं.

पूर्व जर्मनीतून असा माल बाहेर काढणं बेकायदा होतं आणि पश्चिम जर्मनीत नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन हा गुन्हा होता. त्यामुळे ना पावती, ना मूळ मालकाचं नाव. वस्तू कुठून आली, असं गिऱ्हाइकाने विचारलंच, तर कुयाऊ आवाज खाली आणून पूर्वेकडच्या सैन्यात जनरल असलेल्या आपल्या भावाचा हवाला द्यायचा. भाऊ खरा होता, पण तो रेल्वेत हमाली करायचा. बर्लिनच्या भिंतीपलीकडे जाऊन शहानिशा कोण करणार? गिऱ्हाईकही आपला संग्रह बंद दाराआडच ठेवायचं. ज्या गुप्ततेमुळे माल महाग व्हायचा, तीच त्याची तपासणीही होऊ देत नव्हती.

लबाडी मात्र ढिसाळच होती. पत्रांवरची शीर्षकं लेट्रासेटची अक्षरं घासून उमटवलेली. कागद जुना दिसावा म्हणून त्यावर चहा ओतलेला. शुद्धलेखनाच्या चुका, त्यातही इंग्रजीच्या, भरपूर. हिटलर तरुणपणी चित्रं काढायचा, हे जगाला ठाऊक होतं. म्हणून कुयाऊने त्याच्या नावावर चित्रंही रंगवली. मग ‘माइन काम्फ’चं हस्तलिखित. मूळ पुस्तक टंकलिखित होतं, पण घेणाऱ्याला त्याची फिकीर नव्हती.

खोटा माल साठत गेला, तसा तोच एकमेकांची साक्ष देऊ लागला. एबरहार्ड जेकेल या नामवंत इतिहासकाराने १९८० मध्ये हिटलरच्या सुरुवातीच्या लिखाणाचा जाडजूड संग्रह छापला. त्यात कुयाऊने बनवलेले सत्तरहून अधिक कागद शिरले होते. पहिल्या महायुद्धातली म्हणून छापलेली एक कविता तर हेरिबर्ट मेंझेल या नंतरच्या कवीची निघाली. जेकेलला चूक कबूल करावी लागली.

त्याच वर्षी ‘श्टेर्न’ साप्ताहिकाचा बातमीदार गेर्ड हायडेमान याने कुयाऊच्या एका बड्या गिऱ्हाइकाच्या घरी ‘हिटलरची रोजनिशी’ पाहिली. एप्रिल १९४५ मध्ये बर्लिनहून निघालेलं एक विमान बोर्नर्सडोर्फजवळ कोसळलं होतं, ही खरी घटना. त्या विमानात या वह्या होत्या, ही कुयाऊची भर. साप्ताहिकाने साठहून अधिक वह्यांसाठी सुमारे ९३ लाख मार्क मोजले. वह्यांच्या पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकची सजावटी अक्षरं चिकटवलेली होती. ‘ए’ समजून कुयाऊने लावलेलं अक्षर ‘एफ’ होतं. ‘एफ. एच.’ म्हणजे कोण, असा प्रश्न पैसे मोजणाऱ्यांना अडवू शकला नाही.

हस्ताक्षरतज्ज्ञांनीही निर्वाळा दिला. वह्यांतलं अक्षर त्यांनी हिटलरच्या ‘अस्सल’ नमुन्यांशी ताडून पाहिलं आणि ते जुळलं. न जुळून सांगतं कुणाला? त्या नमुन्यांतले काही कागद कुयाऊच्याच टेबलावर तयार झाले होते.

२५ एप्रिल १९८३ ला हॅम्बुर्गमध्ये वाजतगाजत पत्रकार परिषद झाली. वह्या खऱ्या आहेत असं आधी सांगितलेला ब्रिटिश इतिहासकार ह्यू ट्रेवर-रोपर तिथेच शंका बोलून दाखवू लागला. ६ मेला जर्मन संघराज्याच्या अभिलेखागाराने निकाल दिला: बनावट. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेलं रसायन १९५० च्या दशकात वापरात आलेलं होतं, बांधणीच्या दोऱ्यात पॉलिएस्टर होतं, शाई ताजी होती. मजकुराचा मोठा भाग मॅक्स डोमारूसने संपादित केलेल्या हिटलरच्या भाषणसंग्रहातून उचललेला, तोही त्यातल्या चुकांसकट. १९८५ मध्ये कुयाऊला साडेचार वर्षांची आणि हायडेमानला त्याहून दोन महिने जास्त शिक्षा झाली.

दुकानातून आधीच गेलेला माल मात्र परत आला नाही. रोजनिशीचं बिंग फुटलं त्याच वर्षी, १९८३ मध्ये, हिटलरच्या चित्रांची एक मोठी सूची प्रसिद्ध झाली. तिच्यातही कुयाऊची चित्रं बसली होती. २०१९ मध्ये न्यूरेंबर्गच्या एका लिलावाआधी हिटलरच्या नावावरची ६३ चित्रं बनावट असल्याच्या संशयावरून सरकारी वकिलांनी जप्त केली.

तुरुंगातून सुटल्यावर कुयाऊने स्टुटगार्टमध्ये चित्रांचं दालन काढलं आणि नामांकित चित्रांच्या नकला ‘अस्सल कुयाऊ’ म्हणून राजरोस विकल्या. प्रत्येकीवर मूळ चित्रकाराची सही आणि शेजारी स्वतःची. २००० मध्ये तो वारला, पण गिऱ्हाइकी टिकली. २००४ मध्ये रोजनिशीची एक वही बर्लिनच्या लिलावात ६,४०० युरोंना गेली. पुढे त्याच्या एका नातेवाईक बाईने आशियातून स्वस्त नकला मागवल्या, त्यांवर कुयाऊची खोटी सही केली आणि त्या ‘अस्सल कुयाऊ’ म्हणून विकल्या. २०१० मध्ये ड्रेस्डेनच्या न्यायालयाने तिला फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं.