जाहीर नाव म्हणजे दिलेला शब्द

श्रोतेहो, गावात एकाच नावाची दोन माणसे असली आणि पाकिटावर नुसतेच नाव असले, तर नवा पोस्टमन काय करील? पहिल्या घरात पत्र टाकून मोकळा होईल! संगणकातही असेच घडत आले आहे.

१९४९ साली केंब्रिजला एडसॅक हा संगणक सुरू झाला. नेहमी लागणाऱ्या गणिताच्या कृती कागदी फितींवर भोके पाडून ठेवलेल्या असत. ज्याला जी हवी, त्याने तिची नक्कल आपल्या कामाला जोडायची. पुढे हे जोडकाम करणारा प्रोग्रॅमच निघाला, तो लिंकर. पण प्रत्येकाने नक्कल बाळगायची म्हणजे जागा फार जाई. म्हणून १९८८ साली सन कंपनीच्या सनओएस ४.० मध्ये सामाईक लायब्ररी आली. प्रत एक, वापरणारे अनेक. अगदी गावच्या पाणवठ्यासारखी! जोडणी आता ऐन कामाच्या वेळी, नावावरून होऊ लागली.

मेख इथेच आहे. युनिक्सच्या रिवाजात मुद्दाम राखून न ठेवलेले प्रत्येक नाव आपोआप जाहीर होई. दोन लायब्रऱ्यांत एकच नाव आले, की आधी सापडेल ते खरे. इशारा नाही, तक्रार नाही. हिशेब मात्र चुकायचा. विंडोजने उलटा रिवाज धरला: सांगाल तेवढेच जाहीर. २००५ साली जीसीसी ४.० या कंपायलरने युनिक्सवाल्यांनाही सगळी नावे एकदम झाकून हवी तेवढीच उघडण्याची सोय दिली.

गुरुजी, मुलांना एवढे जरूर सांगा: जाहीर केलेल्या नावावर कोणीतरी विसंबतो, मग ते बदलता येत नाही. म्हणून शब्द थोडे द्यावेत आणि दिलेले पाळावेत.