कृष्णाकांठ आणि माळरान

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मधोमध विश्रामबाग नांवाचें जें ठिकाण आहे, तेथें माझें वास्तव्य आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९१९ सालीं येथें विलिंग्डन कॉलेज काढलें, १९४७ सालीं इंजिनियरिंगचें कॉलेज निघालें, आणि पुढें ही विद्यार्थ्यांची वसाहत म्हणूनच प्रसिद्धीस आली. परंतु मला या जागेचें महत्त्व वाटतें तें निराळ्याच कारणानें. ऐन पावसाळ्यांत येथून मोटारीनें पश्चिमेकडे निघालेला माणूस दोन-अडीच तासांत चांदोलीच्या अरण्याशीं पोंचतो आणि भिजून परत येतो. त्याच दिवशीं, तितक्याच वेळांत, पूर्वेकडे गेलेला माणूस जतच्या माळावर आभाळाकडे डोळे लावून बसलेले शेतकरी पाहतो आणि अंगावर धूळ घेऊन परततो. दोघेही एकाच कलेक्टरच्या हद्दींत फिरून आलेले असतात. या एका हद्दीची हकीगत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम भूगोल पाहूं. सांगली जिल्ह्याचें क्षेत्रफळ सुमारें ८,५७२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या शिरगणतीप्रमाणें लोकवस्ती २८ लाखांच्या वर होती. पश्चिमेस शिराळ्यापासून पूर्वेस जतपर्यंत तालुके दहा. सह्याद्रीच्या कुशींतून वारणा येते. तिच्यावर चांदोलीचें धरण आहे. कृष्णा कऱ्हाडाकडून येते आणि भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ करीत सांगलीस पोंचते. तेथून जवळच हरिपुराशीं ती वारणेस पोटांत घेते. या दोन नद्यांच्या कांठची काळी माती खोल आणि सकस आहे. पण नैर्ऋत्येचे ढग सह्याद्रीवर रिते होतात, आणि पूर्वेकडे जावें तसतसा पाऊस विरळ होत जातो. जत-आटपाडीच्या बाजूस तो सरासरीनें वीस इंचांच्या आसपास, कधीं त्याहूनही पुष्कळ कमी. खानापूर तालुक्यांतून येणारी येरळा ब्रह्मनाळास कृष्णेला मिळते खरी, परंतु वर्षांतले बरेच महिने ती वाळूचीच नदी असते. आटपाडीची माण नदी तर कृष्णेकडे वळतही नाहीं. ती भीमेकडे जाते. सारांश, निसर्गानें या मुलखाचे दोन भाग केले आहेत, आणि ती सीमा कोणत्याही सरकारी नकाशापेक्षां जुनी आहे.

सरकारी सीमा मात्र वारंवार बदलल्या. हा जिल्हा तसा वयानें लहान. १९४९ च्या ऑगस्टांत 'दक्षिण सातारा' या नांवानें तो अस्तित्वांत आला आणि १९६० च्या नोव्हेंबरांत त्यास सांगली हें नांव मिळालें. तत्पूर्वीं येथील नकाशा म्हणजे ठिगळांची गोधडी होती. तासगांव, वाळवें, खानापूर, शिराळा हा भाग ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यांत, सांगली हें एक संस्थान, मिरजेची थोरली पाती व धाकटी पाती अशीं आणखी दोन, जत डफळ्यांचें, आणि आटपाडी व कुंडल हीं ठाणीं औंधच्या पंतप्रतिनिधींचीं. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत दक्षिणेकडून हैदराचा उपद्रव होऊं लागला, तेव्हां त्यास आडवें होण्यासाठीं पटवर्धनांना मिरजेकडील मुलूख मिळाला. १८०१ च्या सुमारास चुलत्या-पुतण्यांत बेबनाव होऊन चिंतामणराव आप्पासाहेब मिरज सोडून निघाले, आणि कृष्णेकांठच्या एका लहानशा गांवास त्यांनीं राजधानी केलें. तीच सांगली. तेथला गणेशदुर्ग आणि गणपतीचें देऊळ हीं त्यांच्याच काळचीं. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें तेंही त्यांच्याच आश्रयानें. मराठी नाट्यसृष्टीचा आरंभ आपण तेथून मोजतों.

राजाश्रयाखालीं नाटक वाढलें, तसा नदीच्या आश्रयाखालीं व्यापार वाढला. सांगलीची हळद आणि गूळ यांचें नांव फार दूरवर आहे. हरिपुराच्या भागांत हळद सांठविण्याची रीत मोठी पाहण्यासारखी. तेथील माती घट्ट; तींत पाणी सहसा झिरपत नाहीं. अरुंद तोंडाचा खोल खड्डा खणावयाचा, आंतून गवत-पाचटाचें अस्तर द्यावयाचें, हळद भरावयाची आणि तोंड मातीनें बंद करावयाचें. हेंच पेव. अशा पेवांत हळद वर्षानुवर्षें न किडतां राहते. पेव उघडलें कीं लगेच कोणी आंत उतरत नाहीं. कोंडलेली हवा आधीं निघून जावी लागते. एखाद्या गोष्टीचें 'पेव फुटलें' असें आपण शहरांत सहज म्हणतों, त्या शब्दामागचें खरें पेव येथें जमिनीखालीं आहे. २००५ च्या महापुरानें यांतलीं पुष्कळ पेवें निकामी केलीं. पुढें २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें.

आतां माळरानाकडे वळूं. जेथें पीक हमखास नाहीं, तेथल्या माणसांनीं काय करावें? त्यांनीं तीन वाटा काढल्या. पहिली वाट मेंढरांची आणि खिल्लार बैलांची: चाऱ्यामागें हिंडावयाचें. व्यंकटेश माडगूळकरांनीं 'बनगरवाडी'त जें जग अजरामर केलें, तें याच माणदेशाचें. दुसरी वाट परदेशीं नव्हे तरी परमुलखीं जाण्याची. विटें, खानापूर, आटपाडी या बाजूचे लोक सोनें-चांदी गाळण्याचें काम शिकले आणि हिंदुस्थानभर पसरले. कोणत्याही मोठ्या शहराच्या सराफकट्ट्यांत शिरा. एखाद्या चिंचोळ्या खोलींत मूस व भट्टी घेऊन बसलेला मराठी गलाईवाला आपणांस भेटतो, आणि गांव विचारलें तर विट्याच्या आसपासचें निघतें. जेथें पाऊस पडत नाहीं तेथल्या माणसानें आगीवर पोट भरावें, हा योगायोग नव्हे. तो दुष्काळाचा हिशेब आहे. गलाईच्या पैशानें गांवाकडे घरें उभीं राहिलीं, परंतु घरांतला कर्ता माणूस मात्र वर्षांतून जत्रेपुरता दिसूं लागला.

तिसरी वाट कारखान्याची. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगानें भरलेल्या माळावर १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगरांचा कारखाना मांडला. जागा दिली औंधच्या राजेसाहेबांनीं. तेथेंच किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथूनच १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' निघूं लागलें, ज्याचें पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजी-आजोबांच्या घरीं तें येत असे. याच औंध संस्थानानें १९३९ सालीं प्रजेच्या हातीं कारभार सोंपविला आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची भिंतीविना वसाहत काढली. 'दो आंखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटास तिचीच प्रेरणा होती. आणि १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचें प्रतिसरकार या मुलखांत उभें राहिलें, तेव्हां गोधडीसारख्या त्या नकाशाचा मोठाच उपयोग झाला: ब्रिटिश हद्दींतून पाठलाग झाला कीं कार्यकर्ते संस्थानी हद्दींत शिरत.

स्वातंत्र्यानंतर हद्दी पुसल्या गेल्या, परंतु पावसानें आंखलेली सीमा तशीच राहिली. किंबहुना ती अधिक ठळक झाली. नदीकांठीं सहकाराचे दिवस आले. वसंतदादा पाटलांच्या पुढाकारानें सांगलीस सहकारी साखर कारखाना निघाला, मागोमाग वाळव्याच्या बाजूस इतर निघाले, आणि कृष्णाकांठचा शेतकरी ऊंसानें सधन झाला. पूर्वेकडे १९७२ च्या दुष्काळांत त्याच्याच भाऊबंदांनीं खडी फोडली. एका जिल्ह्यांत राहूनही दोघांचीं वर्षें सारखीं नव्हतीं.

माळरानाला कोरड्या हवेचा म्हणून जो एक लाभ होता, तो तासगांवच्या बागाइतदारांनीं ओळखला. थोडेंसें पाणी जपून वापरलें तर द्राक्षवेल येथें चांगला वाढतो, आणि कोरड्या वाऱ्यांत सावलीखालीं द्राक्षें पंधरवड्यांत सुकून बेदाणा होतो. ज्या हवेनें ज्वारी करपली, तिनेंच बेदाण्याला रंग दिला. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण वेलीच्या मुळाशीं जें थोडें पाणी घालावें लागतें, तें आणावयाचें कोठून?

येथें आपण मुख्य प्रश्नाशीं येतों. नदी आपल्या बळानें उताराला जाते. तिला चढावर न्यावयाचें तर यंत्र हवें, वीज हवी, आणि विजेचें बिल भरणारा हवा. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या योजनांनीं कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें उपसून पूर्वेकडे चढविलें. हें काम अपुऱ्या पैशांमुळें फार वर्षें रेंगाळलें. आणि पंप तयार झाले तरी बिल थकलें कीं ते बंद पडत. पाण्यासाठीं जेवढी खटपट इंजिनियरांनीं केली, तेवढीच लोकांनीं. बळवडी व तांदुळवाडी येथील ग्रामस्थांनीं १९८० नंतरच्या दशकांत येरळेवर बळीराजा धरण बांधलें, त्याला नदींतल्या वाळूच्या विक्रीचा पैसा लावला, आणि पाण्यांत भूमिहीनाचाही वांटा मानला. १९९३ पासून आटपाडीस पाणी परिषदा भरूं लागल्या. त्यांचे अध्वर्यु क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी. हे गृहस्थ वाळव्याचे, म्हणजे अगदीं नदीकांठचे. ज्यांच्या दारांत कृष्णा वाहत होती, त्यांनीं तेरा दुष्काळी तालुक्यांच्या समान पाण्याचा आग्रह धरला, ही गोष्ट मला या जिल्ह्याच्या इतिहासांत फार मोलाची वाटते.

कारण सगळेच समाधानी झाले असें नाहीं. जत तालुक्याच्या पूर्व सीमेवरील चाळीसेक गांवांनीं २०१२ सालीं ठराव केला: आम्हांस पाणी देतां येत नसेल, तर कर्नाटकांत जाऊं द्या. २०२२ सालीं तो ठराव पुन्हां गाजला. भाषा आणि राज्य यांचें प्रेम त्या लोकांना कमी होतें असें नव्हे. रिकाम्या घागरीनें तें बोलविलें.

२०१६ च्या एप्रिलांत मिरज स्टेशनावरून पाण्याची गाडी लातुरास गेली, तेव्हां आपल्या जिल्ह्याला धन्यता वाटली. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलाशीं कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. ब्रह्मनाळास पूरग्रस्तांनीं भरलेली नांव उलटून माणसें बुडालीं, त्यांत लहान मुलेंही होतीं. आणि त्याच आठवड्यांत जिल्ह्याच्या पूर्वेकडील गांवांत पाण्याचे टँकर फिरत होते. पाण्यानें मरणारा आणि पाण्यावांचून झुरणारा, दोघांचीही नोंद एकाच कचेरींत झाली.

श्रोतेहो, जिल्हा म्हणजे केवळ कलेक्टरचा शिक्का नव्हे. राजांनीं आंखलेल्या रेषा आपण एका कायद्यानें पुसल्या. पावसानें आंखलेली रेषा पुसावयास मात्र रोज पंप चालवावा लागतो आणि रोज बिल भरावें लागतें. तें बिल कोणी भरावयाचें आणि त्या पाण्यांत कोणाचा किती वांटा, हें जेव्हां नदीकांठचा व माळावरचा मनुष्य एका बैठकींत बसून ठरवितील, तेव्हां १९४९ सालीं कागदावर झालेला हा जिल्हा खऱ्या अर्थानें एक होईल. तोंपर्यंत आपण शहरवासीयांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें, कीं आपल्या चहांतली साखर नदीकांठची आहे आणि शिऱ्यांतला बेदाणा माळावरचा.